चिकटलेलं ड्रेसिंग ओढून काढलं की जखम साफ होते का?

डॉक्टरांनी वडिलांच्या पायाच्या जखमेतलं मेलेलं मांस काढलंय. आता घरी ड्रेसिंग बदलताना गॉज चिकटतो, ओढला की रक्त येतं, आणि कुणीतरी सांगतंय की ओढूनच काढा, त्यानेच घाण निघते. तुम्ही विचारताय, हे खरं का?

अर्धंच खरं. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. सुरुवातीला मीही ओला गॉज वाळू द्यायचे आणि ओढून काढायचे, तसंच शिकवलं होतं. एकदा काढलेला गॉज उलटा करून पाहिला. पिवळ्या बुळबुळीत थराशेजारी लालबुंद दाणे अडकले होते. ते दाणे म्हणजे जखम भरून आणणारं नवं मांस, चार दिवसांत जेमतेम धरलेलं. त्या दिवसापासून मी कोरडा गॉज ओढलेला नाही.

घरी असं करा. वेदनाशामक गोळी लिहून दिली असेल तर ती अर्धा-पाऊण तास आधी द्या. हात धुवा. टेप वर खेचू नका; एका हाताने कातडी दाबून धरा आणि केसांच्या दिशेने, कातडीलगत, सावकाश सोडवा. मग गॉजवर कोमट नॉर्मल सलाईन (मेडिकलमध्ये मिळणारं मिठाचं निर्जंतुक पाणी) सोडा आणि दहा मिनिटं थांबा. खरंच दहा, बहुतेकजण दोन मिनिटांतच हात घालतात. नंतर कडेकडून मधे या. कुठे अडलं तर तिथेच थांबून पुन्हा भिजवा. खोल जखमेत गॉज भरला असेल तर किती तुकडे घातले ते लिहून ठेवा आणि तेवढेच बाहेर आले का मोजा.

रक्त आलंच तर स्वच्छ गॉजने दहा मिनिटं सलग दाबा, मधे उचलून पाहू नका. थांबलं नाही तर लगेच दवाखाना गाठा. वडिलांना मधुमेह असेल तर ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका, पायाची संवेदना गेलेली असू शकते. टाचेवर काळी कोरडी खपली असेल तर ती घरी अजिबात सोलू नका.

1962 साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते. म्हणून गॉज दर वेळी चिकटत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: ‘वाळवून ओढायला मुद्दाम सांगितलंय का? नसेल तर कमी चिकटणारं, म्हणजे पॅराफिन गॉज किंवा सिलिकॉनचं ड्रेसिंग चालेल का?’