तुर्क, तुर्की आणि टर्किश: देशावरून येणारी इंग्रजी विशेषणं

तुमची तिन्ही वाक्यं नीट वाचली. ‘आय मेट अ टर्किश’, ‘टू इंडियन्स कंपनीज’ आणि ‘द जॅपनीजेस लाइक्ड इट’. तिन्हींवर लाल रेघ आली आणि कारण कोणी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही विचारलंत की शेवटचे प्रत्यय पाठ करायला एखादी यादी मिळेल का. यादी कुठेही मिळेल. पण तुमची एकही चूक प्रत्ययाची नाही. टर्किश, इंडियन, जॅपनीज हे शब्द तुम्ही बरोबर निवडलेत, चुकली ती त्यांची वाक्यातली जागा. मी बरीच वर्षं मराठीतून इंग्रजीत अनुवाद करतो आणि इतरांचे मसुदेही तपासतो. या विषयातल्या बहुतेक चुका अशाच असतात.

आधी आपल्याच भाषेकडे बघा. ‘तुर्क’ म्हणजे माणूस आणि ‘तुर्की’ म्हणजे त्याची भाषा, टोपी, कॉफी. ‘इंग्रज’ माणूस, ‘इंग्रजी’ भाषा. ‘अरब’ माणूस, ‘अरबी’ लिपी. ‘काल एक तुर्की भेटला’ हे कानाला खटकतं, कारण माणसाचं नाव आणि गुण सांगणारं विशेषण यांतला फरक आपल्याला न शिकवता कळतो. इंग्रजीत नेमका हाच फरक आहे: टर्क म्हणजे माणूस, टर्किश हे विशेषण. म्हणून ‘आय मेट अ टर्क’ किंवा ‘आय मेट अ टर्किश मॅन’. गोंधळ होतो तो आपल्या दुसऱ्या सवयीमुळे. जपानी, चिनी, भारतीय, अफगाणी हे शब्द आपण माणसाला, वस्तूला आणि भाषेलाही सरसकट वापरतो आणि तीच सवय इंग्रजीत घेऊन जातो.

मी स्वतः असाच चुकलो आहे. एका अहवालात ‘तीन अफगाणी अभियंते’ होते. पुढच्या वाक्यात त्यांचा उल्लेख करताना मी ‘द थ्री अफगाणीज’ लिहून मोकळा झालो. मसुदा वाचणारे गृहस्थ स्वतः काबूलचे होते. त्यांनी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, ‘अफगाणी हे आमचं चलन. आम्ही अफगाण.’ मी तीन माणसांना तीन नोटा करून टाकलं होतं. त्यांनी ते शांतपणे दुरुस्त केलं, पण मला फार वाईट वाटलं, कारण हा शब्द म्हणजे समोरच्याची ओळख असते. तेव्हापासून देशावरून आलेला प्रत्येक शब्द मी कोशात बघूनच लिहितो आणि बघताना तीन गोष्टी शोधतो: विशेषण काय, माणसाला काय म्हणतात आणि भाषेचं नाव काय. कधी तिन्ही एकच निघतात, कधी तिन्ही वेगळी.

ज्या देशांचं विशेषण ‘अन’ किंवा ‘इयन’नं संपतं तिथे काम सोपं आहे. इंडियन, इटालियन, ब्राझिलियन हे विशेषणही आहे आणि माणूसही. माणूस म्हणून वापरलं तर अनेकवचनात ‘स’ लागतो. पाकिस्तानी, इराकी, बांगलादेशी यांचंही तसंच. विशेषण म्हणून वापरलं तर मात्र ‘स’ कधीच लागत नाही, पुढचं नाम एक असो की हजार. तुमचं ‘टू इंडियन्स कंपनीज’ चुकतं ते इथे. मराठीतही ‘दोन भारतीय कंपन्या’च म्हणतात, कंपन्या वाढल्या म्हणून ‘भारतीय’ बदलत नाही. म्हणून ‘टू इंडियन कंपनीज’. अर्जात ‘नॅशनॅलिटी’पुढे ‘इंडिया’ लिहिण्याची चूकही इथेच मोडते. राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ असतं, ‘भारत’ नसतं, म्हणून ‘इंडियन’.

‘इश’नं संपणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पोलिश, डॅनिश, स्वीडिश, फिनिश, स्पॅनिश ही विशेषणं आणि भाषांची नावं, एका माणसाची नव्हेत. माणसं म्हणजे पोल, डेन, स्वीड, फिन, स्पॅनियर्ड. ‘अ ब्रिटिश’ हेही चूक. वर्तमानपत्रं ‘अ ब्रिटन’ लिहितात, साध्या बोलण्यात ‘अ ब्रिटिश पर्सन’ पुरतं. आणि इंग्लिश म्हणजे ब्रिटिश नव्हे. स्कॉटलंडच्या किंवा वेल्सच्या माणसाला इंग्लिश म्हणालात तर तो लगेच दुरुस्त करेल. स्कॉटलंडचं विशेषण ‘स्कॉटिश’. ‘स्कॉच’ हा शब्द आता व्हिस्कीसारख्या मोजक्या गोष्टींपुरताच ठेवावा.

तिसरं वाक्य: ‘द जॅपनीजेस’. ‘ईज’नं संपणारे शब्द (जॅपनीज, चायनीज, पोर्तुगीज, व्हिएतनामीज) अनेकवचनातही तसेच राहतात. ‘द जॅपनीज’ म्हणजे जपानी लोक, सगळे मिळून. ‘इश’, ‘च’ आणि स्विसमधल्या ‘स’नं संपणाऱ्यांचंही तेच: द ब्रिटिश, द फ्रेंच, द डच, द स्विस. हे सगळे अनेकवचनी, म्हणून पुढे ‘आर’, ‘इज’ नाही. फक्त हा प्रयोग पूर्ण लोकसमूहाबद्दल होतो. तुमच्या बैठकीला चार जपानी पाहुणे होते, त्यांच्यासाठी ‘द जॅपनीज गेस्ट्स लाइक्ड इट’ हेच स्वच्छ. एका माणसाला ‘अ चायनीज’ म्हणणं व्याकरणात चालतं, पण आज ते ओबडधोबड वाटतं. ‘अ चायनीज वुमन’, ‘अ चायनीज कलीग’ असं पुढे नाम जोडा.

‘मॅन’ जोडून होणारे शब्द मोजकेच आहेत: फ्रेंचमन, डचमन, आयरिशमन. त्यांचं अनेकवचन ‘मेन’नं होतं. ‘जर्मन’ मात्र यांत बसत नाही, त्यातला ‘मन’ म्हणजे पुरुष नव्हे. म्हणून जर्मन्स, ‘जर्मेन’ कधीच नाही. ‘चायनामन’ हा शब्द तर पूर्णपणे टाळा, तो अपमानकारक आहे. क्रिकेटमध्ये तो डावखुऱ्या मनगटी फिरकीसाठी वर्षानुवर्षं रुळला होता, पण ‘विस्डेन’ या क्रिकेटच्या प्रसिद्ध वार्षिकानंही २०१८ मध्ये तो सोडून दिला.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर एक बारकावा सांगतो, तो मला स्वतःला फार आवडतो. ‘इंडिया कोच’ आणि ‘इंडियन कोच’ एक नाहीत. २०११ चा विश्वचषक जिंकला तेव्हा भारताचे प्रशिक्षक गॅरी कर्स्टन होते. ते ‘इंडिया कोच’ होते, पण ‘साउथ आफ्रिकन’ होते. संघाचं पद सांगायचं असेल तर देशाचं नाव जसंच्या तसं लावणं नेमकं ठरतं, विशेषण लावलं की ते माणसाचं राष्ट्रीयत्व वाटू शकतं. ‘इंग्लिश टीचर’मध्येही असेच दोन अर्थ आहेत, पण तिथे फरक उच्चारातून कळतो. ‘इंग्लिश’वर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारे शिक्षक. दोन्ही शब्दांवर, त्यातही ‘टीचर’वर जोर दिला तर इंग्लंडचे शिक्षक, मग ते गणित का शिकवत असेनात.

काही देशांना कोणताच नियम लागू पडत नाही, त्यांची वेगळी ओळख करून घ्यावी लागते. अरबी समुद्र, अरबी भाषा आणि अरब देश यांसाठी मराठीला दोन शब्द पुरतात. इंग्रजीत तीन लागतात: समुद्राला ‘अरेबियन’, भाषेला ‘ॲरबिक’, माणसांना आणि देशांना ‘ॲरब’. ‘ॲरबिक पीपल’ लिहू नका. फिलिपीन्सचा माणूस ‘फिलिपिनो’, पण तिथल्या सरकारला किंवा चलनाला ‘फिलिपीन’. नेदरलँड्सचं विशेषण ‘डच’. न्यूझीलंडला वेगळं विशेषण लागत नाही, ‘न्यूझीलंड टीम’ म्हटलं की झालं. माणूस मात्र ‘न्यूझीलंडर’. नायजेरियाचा माणूस ‘नायजेरियन’ आणि शेजारच्या नायजरचा ‘निझेरियँ’. इंग्रजी लेखनात या दोघांत एकाच अक्षराचा फरक आहे. आणि विशेषणावरून भाषा गृहीत धरू नका. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, ऑस्ट्रियात जर्मन, आणि ‘स्विस’ नावाची एक भाषा नाहीच.

आधी ‘अ’ की ‘ॲन’ हे कानानं ठरवा, डोळ्यांनी नाही. ‘ॲन इंडियन’, ‘ॲन इटालियन’, पण ‘अ युरोपियन’, ‘अ युक्रेनियन’, कारण उच्चार ‘यु’नं सुरू होतो. उच्चारात जोराची जागाही बदलते. ‘कॅनडा’त जोर पहिल्या अक्षरावर, ‘कॅ’वर असतो, तो ‘कनेडियन’मध्ये ‘ने’वर जातो. ‘कॅनडियन’ म्हणू नका. लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल, मग शब्द विशेषण असो, माणूस असो वा भाषा.

विशेषणांच्या क्रमाचा धसका बरेच जण घेतात, तो घेऊ नका. ‘अ स्मॉल ओल्ड जॅपनीज वुडन बॉक्स’ हे मराठीत सांगून बघा: एक लहान, जुनी, जपानी, लाकडी पेटी. आकार, वय, मूळ, द्रव्य, क्रम तोच. ‘लाकडी जपानी जुनी पेटी’ आपणही म्हणत नाही. अडलात की वाक्य एकदा मराठीत म्हणून बघा.

तुम्ही शेवटी विचारलंत की देशानं नाव बदललं तर विशेषणही बदलतं का. आपोआप बदलत नाही. तुर्कस्ताननं २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपलं नाव ‘तुर्किये’ असं नोंदवून घेतलं, पण इंग्रजीत विशेषण ‘टर्किश’च आहे. स्वाझीलंडचं २०१८ मध्ये ‘एस्वातिनी’ झालं, तिथले लोक आजही ‘स्वाझी’. ब्रह्मदेशानं १९८९ मध्ये इंग्रजी नाव ‘म्यानमार’ केलं, तरी भाषेला ‘बर्मीज’ म्हणणं चालू आहे. तिथल्या माणसाबद्दल लिहिताना मात्र मी जरा थांबतो. त्या देशात अनेक वांशिक समूह आहेत आणि प्रत्येकाला ‘बर्मीज’ म्हणवून घेणं रुचेलच असं नाही. त्या माणसालाच विचारणं शक्य असेल तर मी विचारतो आणि तो सांगेल तो शब्द लिहितो.