शेड अ‍ॅक्वेरियमची मेंबरशिप घ्यावी का? आधी बाबांचे गुडघे मोजा

इलिनॉयमधल्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून एका वाचकाचा लांबलचक मेल आलाय, थोडक्यात सांगतो. नवरा-बायको दोघं आयटीत, मुलं ७ आणि ४ वर्षांची, सांगलीहून आई-बाबा पाच महिन्यांसाठी येतायत. सगळ्यांना शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियमला न्यायचंय. बायको म्हणते वर्षाची मेंबरशिप घेऊन टाकू, हे म्हणतात मंगळवारी संध्याकाळी फुकट असतं तेव्हा जाऊ, आणि बाबांनी फोनवरूनच निकाल दिलाय की मासे बघायला माणशी साडेतीन हजार रुपये कशाला, सांगलीच्या बाजारात रोज बघतो. टॅक्समध्ये काही बसेल का हेही विचारलंय.

टॅक्सचं आधी उरकतो. नाही बसणार. मेंबरशिपच्या बदल्यात तुम्हाला एंट्री मिळते, त्यामुळे तेवढा भाग देणगी धरतच नाहीत, वर काही उरलं तर तेवढंच. त्या नादाने मोठा प्लॅन घेऊ नका.

आता आकडे. तुमचेच धरतो, कारण तिथे तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, विमानासारखा. जुलैतल्या शनिवारचे तुम्ही लिहिलेत मोठ्यांना ४०, मुलांना ३० डॉलर. म्हणजे चार मोठे, दोन मुलं, २२० डॉलर. मेंबरशिपचे दोन प्लॅन लिहिलेत, तुम्ही चौघांचा २५० चा आणि दोन पाहुणे चालतात तो ३५० चा. तुमच्या मिसेसचं गणित असं की दोनदा गेलो तरी ४४० होतात, मग ३५० स्वस्तच की. कागदावर बरोबर आहे हो. पण दुसऱ्या वेळी तुम्ही परत जुलैतल्या शनिवारीच पूर्ण दराने जाणार हे कोणी ठरवलं? तुम्ही इलिनॉयचे रहिवासी, मंगळवारच्या फ्री संध्याकाळी तुम्हाला आणि मुलांना शून्य. आई-बाबांकडे इलिनॉयचा आयडी नाही, त्यांचं तिकीट लागेलच, धरा ८०. म्हणजे दोन फेऱ्यांचे ३००. ३५० चा प्लॅन वसूल व्हायला तिसरी फेरी लागते, आई-बाबांसकट.

आणि इथे मी थांबून विचारतो, तिसरी फेरी होणार आहे का? बाबांच्या गुडघ्याचं तुम्हीच लिहिलंय. शेड म्हणजे आत शिरलात की चालणं, जिने, लिफ्टची लाइन, मग खाली बेलुगा व्हेल, मग अजून खाली शार्क. मी स्वतः मुलं लहान असताना एका म्युझियमची (नाव नको) फॅमिली मेंबरशिप घेतली होती, दर महिन्याला जाऊ म्हणून, गेलो एकदा. कार्ड मात्र दोन वर्षं पाकिटात होतं, जिमच्या कार्डाच्या मागे. मेंबरशिप विकत घेताना आपण फेऱ्या विकत घेत नाही, "आम्ही जाऊ" हा विचार विकत घेतो, त्याचे पैसे आधी जातात आणि फेऱ्या झाल्या तर होतात.

फ्री मंगळवारचंही तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. वेळ संध्याकाळी ५ ते ९, ऑनलाइन आधी बुक करावं लागतं. तुम्ही नेपरव्हिलहून चारला निघालात तरी आयझनहॉवर एक्सप्रेसवेवर तो ट्रॅफिक, पोचेपर्यंत सहा, आणि चार वर्षांचं पोर आठला झोपतं. फुकट आहे म्हणून सगळं शिकागो तिथे, बाबांना बसायला बाक मिळायचा नाही. आणि एक, शिकागोत राहणाऱ्यांना वर्षभर सवलतीचं तिकीट असतं ते नेपरव्हिलवाल्यांना नाही, त्यामुळे मित्राने सांगितलेला दर धरून चालू नका. तुमच्या मेव्हण्यांनी सुचवलेला सिटीपासही (पाच ठिकाणांचं एकत्र तिकीट) सोडा, तो पहिल्या वापरापासून ९ दिवस चालतो, टूरिस्टसाठी ठीक आहे, पाच महिने हाताशी असताना नऊ दिवसांत पाच ठिकाणं पळवून आई-बाबांना आजारी पाडायचं कशाला.

मी काय करेन सांगतो. जूनमध्ये मेंबरशिप नाही. पहिल्यांदा सगळे मिळून जा, पण शनिवारी नाही, सुट्टी टाकून कुठल्यातरी बुधवारी किंवा गुरुवारी, दर कमी असलेली तारीख बघून, सकाळी उघडता उघडता. गाडी नेणार असाल तर शेजारच्या सोल्जर फील्ड स्टेडियमवर त्या दिवशी मॅच किंवा कॉन्सर्ट नाही ना ते आधी बघा, पार्किंगचे भाव त्यावर उड्या मारतात. डबा घरून. पोळीभाजीचे रोल करा आणि बाहेर लेकच्या कडेला हिरवळीवर बसून खा, समोर अख्खी स्कायलाइन, आतल्या कॅफेत सहा जणांचं जे बिल होतं त्यात तुमचं अर्धं तिकीट निघेल. आत कशाकशाचे एक्स्ट्रा मागतील, नाही म्हणा, मुलांना आठवतही नाही.

बाबांना तिथे काय दाखवायचं तेही सांगतो, कारण "पैसे वसूल" हे त्यांच्या तोंडून यायला हवं. हे अ‍ॅक्वेरियम १९३० चं, आपलं तारापोरवाला १९५१ चं. मार्शल फील्ड या शिकागोतल्या बड्या दुकानाच्या कंपनीचा प्रेसिडेंट जॉन शेड, त्याने ३० लाख डॉलर दिले आणि १९२६ मध्ये तो गेला, उघडलेलं बघायलाच मिळालं नाही त्याला. आणि शिकागोला समुद्र कुठे? लेकचं पाणी गोडं. म्हणून फ्लोरिडाच्या की वेस्टहून रेल्वेच्या २० टँकरांनी आठ खेपा करून दहा लाख गॅलन खारं पाणी आणलं होतं, बाबा रेल्वेत होते म्हणालात ना, त्यांना हे आवडणार. ग्रँडडॅड नावाचा ऑस्ट्रेलियन लंगफिश (हवेतूनही श्वास घेणारा मासा) होता, १९३३ ला आला आणि २०१७ पर्यंत जगला, आजोबाच की तो. मी माझ्या आईला नेलं होतं, मालवणकडची ती, बेलुगाला "गोरा आहे" एवढंच म्हणाली आणि पुढे. खाली शार्कच्या टाकीपाशी मात्र, जिथे काच डोक्यावर वळते, तिथे काचेला नाक लावून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "अगो बाई, मोरी!" (मालवणकडे शार्कला मोरी म्हणतात.) मग शेजारच्या अमेरिकन बाईला मोरीचं मटण कसं करतात ते मराठीत सांगायला लागली, मी ट्रान्सलेट केलं नाही.

नूतनीकरणाचं मोठं काम चालू आहे तिथे, २०३० ला शंभर वर्षं होतायत, त्यामुळे काही गॅलऱ्या बंद असतात. बुक करायच्या आधी काय बंद आहे ते बघा, नाहीतर पोरगं ज्याच्यासाठी हट्ट करतंय तेच पत्र्याआड.

बाहेर पडताना मुलं "परत कधी" म्हणाली आणि बाबाही हो म्हणाले, तर तिथल्या तिथे काउंटरला विचारा, बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशीचं तिकीट मेंबरशिपमध्ये वळतं करून देतात. ते देत असतील तर माझं वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि घ्या. नाहीतर नोव्हेंबरपर्यंत थांबा. आई-बाबा परत गेलेले असतील, बाहेर मायनस दहा, पोरं घरात भिंतीवर चढलेली. तेव्हा २५० चा साधा प्लॅन घ्या, तुम्ही लिहिलेल्या दराने तुम्हा चौघांना दोन फेऱ्यांत वसूल, आणि तुम्हीच लिहिलंय की पुढच्या उन्हाळ्यात मिसेसचे आई-बाबा येणार आहेत, वर्ष विकत घेतल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तेव्हाही चालू असेल, त्यांची दोन तिकिटं फक्त काढायची. मिसेसना सांगा मेंबरशिप नको असं मी म्हणालो नाही, महिना चुकला एवढंच.

बाबांना फोरेक्स कार्डावरून तिकिटाचे पैसे द्यायचेत म्हणालात. तिकिटाचे देऊ नका त्यांना, दिवसभर डॉलरचे रुपये करत बसतील आणि एकही मासा दिसणार नाही. नातवंडांच्या आइस्क्रीमचे देऊ द्या.

आणि अख्ख्या मेलमध्ये ३५० डॉलरवर तुम्ही दोन पानं लिहिलीत, पण आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्सवर एक ओळ नाही. इथे नुसतं ईआरला (हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत) जाऊन आलं तरी बिल हजारांत जातं, आणि बाबांना बीपी आहे. विमान सुटायच्या आधी पॉलिसी घ्या, आधीच्या आजारांना काय कव्हर आहे ते वाचून घ्या आणि मला पीडीएफ पाठवा, मी बघतो.