चष्म्याचा नंबर, इशिहाराचं पुस्तक आणि बेचाळीस दिवस

एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीची, तयारी करणारी मुलं लेखी परीक्षेवर वर्ष-दोन वर्षं घालवतात, पण वैद्यकीय तपासणीचा विचार शिफारस झाल्यावर करतात. माझ्या मनाला ते फार लागतं, कारण कोणती अडचण सुटण्यासारखी आहे आणि कोणती नाही, हे नववी-दहावीतच कळू शकतं. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत.

मुलगा नववीत आहे, त्याला लढाऊ विमानाचा पायलट व्हायचंय. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा नंबर निघाला. कुणी डोळ्यांचे व्यायाम सुचवतं, कुणी थेंब. नंबर जाईल का? (एक आई, बार्शी)

नाही, जाणार नाही. डोळ्याचा गोळा पुढून मागे थोडा जास्त वाढला की उणे नंबर येतो, आणि वाढलेला गोळा व्यायामाने आखूड होत नाही. नंबर वाढण्याचा वेग मात्र कमी करता येतो. रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या, मोबाइल डोळ्यांपासून लांब ठेवायला लावा, दर सहा महिन्यांनी तपासणी करा. कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब काही मुलांना उपयोगी पडतात, पण ते नेत्रतज्ज्ञांनीच द्यावेत. जाहिरात पाहून काही घालू नका.

आता पुढचं. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत उणे नंबर चालतच नाही. एका डोळ्याला विनाचष्मा ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ दिसावं लागतं. दृष्टीचा दोष चालतो तो फक्त अधिक नंबराचा, तोही मर्यादेत. म्हणजे बारावीनंतर एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) थेट वैमानिक होण्याचा रस्ता तुमच्या मुलाला बंद आहे. लेझर करून तो उघडत नाही, कारण विसाव्या वर्षाआधी केलेलं लॅसिक किंवा पीआरके (नंबर घालवण्याच्या लेझर शस्त्रक्रिया) हवाई दल मान्य करत नाही आणि एनडीएचं वय त्याआधीच संपतं.

पण पदवीनंतरचा रस्ता आहे. विसाव्या वर्षानंतर लेझर, त्यानंतर किमान १२ महिने, मग अ‍ॅफकॅट किंवा सीडीएस या पदवीधरांसाठीच्या अधिकारी भरतीच्या परीक्षा. फ्लाइंग शाखेची वयोमर्यादा साधारण २० ते २४ असल्याने हाताशी दोन-तीन वर्षंच राहतात. तेव्हा शस्त्रक्रिया करायची तर वीस पूर्ण झाल्याबरोबर, तेविसाव्या वर्षी सुचून उपयोग नाही. शिवाय आणखी अटी आहेत: मूळ नंबर सहाच्या वर नसावा, शस्त्रक्रियेनंतर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची (कॉर्नियाची) जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी आणि डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. ही लांबी लेझरने बदलत नाही. म्हणून पुढच्या तपासणीत ती मोजून घ्या. बायोमेट्री म्हणतात तिला, पाच मिनिटांत होते. प्रौढ डोळा साधारण २४ मिलिमीटरच्या आसपास असतो. नववीतच आकडा पंचविसाच्या पुढे गेला असेल, तर मुलाला आजच खरं सांगा. भूदलाचे दृष्टीचे निकष सैल आहेत, तिथे एनडीएतूनही अडीचपर्यंतचा उणे नंबर चालत आला आहे. त्या मुलाला गणवेश हवा आहे की कॉकपिट, हे घरी बसून नीट बोला.

मित्र म्हणतो, इशिहाराच्या चकत्या पाठ केल्या की रंगांची परीक्षा पास होते. मला लाल-हिरव्यात गोंधळ होतो. रंगीत लेन्सचा उपयोग होईल? (विद्यार्थी, धुळे)

पाठांतर करू नकोस. इशिहाराच्या पुस्तकात रंगीत ठिपक्यांच्या ३८ चकत्या असतात, ठिपक्यांत दडलेला आकडा ओळखायचा असतो, आणि तपासणारा त्या क्रमाने दाखवेलच असं नाही. एका चकतीवर सर्वसाधारण डोळ्याला ७४ दिसतात, तिथेच लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला २१ दिसतात. म्हणजे चुकीचं उत्तरही तपासणाऱ्याला नेमकं सांगून जातं. त्याशिवाय मार्टिन लँटर्न असतो: अंधाऱ्या खोलीत बारीक दिवे, त्यांचा रंग ओळखायचा. रंगीत लेन्स लावून तपासणी देता येत नाही.

हा दोष जन्मजात असतो, बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि औषधाने जात नाही. यात तुझा काडीचा दोष नाही. दोष किती आहे ते नेत्रतज्ज्ञांकडून लिहून घे. फ्लाइंग शाखेला सर्वांत कडक दर्जा, सीपी-१ लागतो. इतर काही शाखांना खालचा दर्जा पुरतो. ज्या शाखेत तू बसतोस, तीच पसंतीक्रमात वर टाक.

माझी उंची १५७ सेंटिमीटर आहे. वैमानिक होता येईल? (बारावीतली मुलगी, नांदेड)

हवाई दलात नाही. फ्लाइंग शाखेला किमान १६२.५ सेंटिमीटर लागतात. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, बसलेली उंची ८१.५ ते ९६ आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४. हे आकडे कॉकपिटमधून आले आहेत. पाय पेडलपर्यंत पूर्ण पोचायला हवेत, आणि संकटात वैमानिकासह आसन बाहेर फेकलं जाताना गुडघे कशावर आदळता कामा नयेत. लटकून उंची वाढवण्याच्या क्लासला पैसे देऊ नकोस. हवाई दलाच्या ग्राउंड ड्यूटी (जमिनीवरच्या कामाच्या) शाखांत मुलींना १५२ सेंटिमीटर पुरतात. उडायचंच असेल तर नागरी विमानचालन आहे. तिथे चष्माही चालतो.

शिफारस झाली, पण मेडिकल बोर्डाने ‘टेम्पररी अनफिट’ लिहिलं. कानात मळ, वजन जास्त आणि नाकाचं हाड वाकडं. आता काय? (सातारा)

ही तिन्ही कारणं हाताळण्यासारखी आहेत, खचू नकोस. अपील बोर्डापुढे जायला साधारण ४२ दिवस मिळतात. ते असे वापर: आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कान एका भेटीत साफ होतो. नाकाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र पहिल्याच आठवड्यात झाला पाहिजे, कारण जखम भरायला वेळ लागतो आणि ओल्या जखमेने बोर्डापुढे जाऊन फायदा नाही. वजन उपाशी राहून उतरवू नकोस. बोर्डाने कागदावर जे लिहिलंय तेवढ्यावरच उपचार घे आणि प्रत्येक कागद जपून ठेव. अपिलातही ‘अनफिट’ आलं तर रिव्ह्यू बोर्डासाठी लगेच, तिथल्या तिथे अर्ज करावा लागतो. तो मिळेलच असं नाही, ते वरच्या अधिकाऱ्यांच्या विवेकावर असतं. ‘आतून करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नकोस.

लहानपणी फिट आली होती. फॉर्मवर लिहू की नको? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

लिही, बाळ. घरच्यांना लाज वाटत असेल तरी लिही. ही नोंद पाहून बोर्ड तुला नाकारू शकतं, हे मी लपवत नाही. पण प्रशिक्षणात झोप तुटते, उपास घडतात, दमछाक होते, आणि फिटसाठी तेवढं कारण पुरतं. मग तुझ्या हातात भरलेली रायफल असेल किंवा तुझ्यासोबत दोराला इतर मुली असतील. खोटी माहिती उघडकीला आली तर प्रशिक्षणातूनही काढतात. ताप येऊन तीनचार वर्षांच्या वयात आलेली एखादी फिट आणि नंतर आलेल्या फिट, यांत डॉक्टरांच्या दृष्टीने खूप अंतर असतं. आईला नेमकं वय विचार, जुने कागद शोध आणि अर्ज भरण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा भेट.