मीटिंगमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर?

"त्यांना दारू सोडायची आहे हो, पण ए. ए.च्या मीटिंगला जा म्हटलं की विषयच बंद करतात. तिथे शाळेतल्या एखाद्या मुलाचे वडील भेटले तर, हेच घेऊन बसलेत." तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या एका सरांच्या पत्नीचे हे शब्द. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना. लहान गावांतल्या कितीतरी घरांतून हाच प्रश्न येतो.

मीटिंगच्या आधी एक गोष्ट तपासणं भाग होतं. सर रोज दोन क्वार्टर घेत होते आणि सकाळी खडू धरताना हात थरथरत होता. अशा माणसाने मनाने ठरवून एका दिवसात दारू तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे आधी मानसोपचारतज्ज्ञ, औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व. ती मुदत पार पडल्यावरच मीटिंगचा विषय काढला.

मीटिंगची यादी हातात दिली की आपलं काम झालं, असं नातेवाईकांनाच काय, समुपदेशकांनाही वाटतं. ते खरं नाही. अमेरिकेत 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 20 जण होते. 10 जणांना नुसती माहिती दिली. उरलेल्या 10 जणांचं समुपदेशकासमोर एका जुन्या सदस्याशी फोनवर बोलणं करून दिलं आणि पहिल्या मीटिंगला सोबत मिळेल अशी व्यवस्था केली. पहिल्यांपैकी एकही गेला नाही, दुसरे सगळे गेले. अभ्यास लहान आहे, पण प्रत्यक्ष कामात हा फरक ठळक दिसतो.

म्हणून सरांच्या बाबतीतही फोन समुपदेशनाच्या खोलीतच लावला. नंबर मिळवायचे मार्ग असे: ए. ए.ची हेल्पलाइन किंवा संकेतस्थळ, व्यसनमुक्ती केंद्राचा फॉलोअप विभाग, सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, आणि 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. फोनवर काय विचारायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. मीटिंग अजून चालू आहे का (यादीतले पत्ते जुने झालेले असतात, शाळेच्या वर्गात भरणारा गट सुट्टीत जागा बदलतो), कोणत्या दारातून आत यायचं, भाषा कोणती, ओपन की क्लोज्ड, आणि फाटकाशी कोण उभं राहील. क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात. नातेवाईक, विद्यार्थी, पाहुणे ओपन मीटिंगला येऊ शकतात. सरांनी क्लोज्ड निवडली, तीही शेजारच्या तालुक्यातली, संध्याकाळी सातची. वेळ मुद्दाम तीच ठेवली, कारण त्यांचा पिण्याचा तासही तोच होता.

आत काय होतं याची कल्पना नसली की भीती वाढते. साधारण तास-दीड तास. सुरुवातीला प्रार्थना, मग बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी ए. ए.ने आखलेल्या वाटचालीचं वाचन, मग एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगून स्वतःचं शेअरिंग करतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. हजेरीपट नाही, फी नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवीन माणसाने त्यात काही टाकायलाच हवं असं नाही. "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी चालतं.

दुसऱ्याच मीटिंगला सरांना ज्याची धास्ती होती तेच घडलं. दहावीतल्या एका मुलाचे वडील समोर. त्यांनी शेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "या सर, इथे बसा." ते आधीपासून येत होते. बाहेर बोललं तर त्यांचंही नाव निघणार होतं. ही गुप्तता अशी दोन्ही बाजूंनी बांधलेली असते. आणि एक कटू गोष्ट पत्नीनेच सांगितली: सर पितात हे गावाला केव्हाच माहीत होतं.

अडलं ते दुसरीकडेच. सर शेवटच्या रांगेत बसायचे आणि संपताच बसस्टँड गाठायचे. चहाला थांबत नसत. खरी ओळख त्या पंधरा मिनिटांत होते, फोन नंबर तिथेच मिळतात. शिवाय मनात तुलना चालू: "मॅडम, त्यांची नोकरी गेली, बायको सोडून गेली. माझं एवढं कुठे झालंय?" प्रसंग जुळवू नका, भावना जुळतात का ते ऐका, असं त्यांना सांगितलं. 'देव' शब्दालाही ते अडले. ए. ए. कोणत्याही धर्माशी जोडलेली नाही. आपापल्या समजुतीची शक्ती म्हटलं की पुरतं, कुणी गटालाच ती शक्ती मानतं. सहा मीटिंग, त्याही दोन वेगळ्या गटांत, झाल्याशिवाय 'जमत नाही' हा निकाल द्यायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या गटात ते रुळले.

स्पॉन्सर म्हणजे नव्या माणसाला वाट दाखवणारा जुना सदस्य. तो निवडताना पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री निवडावी, आणि त्या व्यक्तीला निदान वर्षभर सोबर राहता आलेलं असावं. तोवर तात्पुरता स्पॉन्सर चालतो. फोन रोज ठरलेल्या वेळी करायचा. नुसत्या संकटाच्या वेळी करायचा म्हटलं तर त्या घडीला हात फोनकडे जात नाही.

पत्नीला दोनच गोष्टी सांगितल्या. परत आल्यावर "काय बोललात?" विचारायचं नाही. आणि कुणी सुचवलेली गोळी आमटीत गुपचूप कालवायची नाही. ही गोळी बहुधा डायसल्फिराम असते, दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, मृत्यूही येऊ शकतो. ती गोळी रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. मीटिंगमधल्या एखाद्याने "गोळ्या बंद करा" म्हटलं तरी औषधं डॉक्टरांना विचारूनच बदलायची. पत्नी स्वतः आता अल-अनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या नातेवाईकांच्या गटाच्या, ऑनलाइन मीटिंगला बसतात.

गावच्या जत्रेत सर प्यायले. पुढच्या मीटिंगला तोंड कसं दाखवू, म्हणून घरीच बसणार होते. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट आहे, त्यामुळे घसरलेल्याला दार बंद होत नाही. स्पॉन्सरने सकाळी फोनवर आधी विचारलं, किती घेतली आणि हात थरथरतोय का. एकाच दिवसाचं होतं, थरथर नव्हती, म्हणून त्याच संध्याकाळची बस धरायला सांगितलं. चार-पाच दिवस सलग झालं असतं, तर मीटिंगआधी पुन्हा डॉक्टर गाठावा लागला असता.