मुलीला घरी परत बोलावू का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी २३ वर्षांची आहे. गेलं वर्षभर एका मराठी मालिकेत नायिकेच्या बहिणीचं काम करते. शूटिंग मीरा रोडला, राहते मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत. हल्ली फोनवर धड बोलत नाही. चॅनेलकडून कुणी ‘गाल भरलेत’ म्हणालं, तेव्हापासून जेवण जवळजवळ सोडलंय. प्रॉडक्शनमधला एक माणूस रात्री-अपरात्री मेसेज करतो. परवाच जुन्या अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ वाचलं आणि माझी झोप उडाली. इतक्या वर्षांत काहीच बदललं नाही का? तिला परत बोलावू का? — एक आई

उत्तर : बोलावू नका. मात्र तिला वाटेल त्या दिवशी येता येईल, अशी सोय आजच करून ठेवा.

हंसाबाईंचं पुस्तक १९७० साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या, अवघ्या ४८ व्या वर्षी. त्यांच्या दारूची, त्यांच्या आयुष्यातल्या पुरुषांची चर्चा लोकांनी भरपूर केली. मला त्यात जास्त टोचतं ते वेगळंच. १९३६ मध्ये, तेराव्या वर्षी, त्या पडद्यावर आल्या त्या घरात पैसा हवा होता म्हणून. लग्नानंतर काम सोडून संसार करायची फार इच्छा होती. ते झालं नाही, कारण घर त्यांच्याच कमाईवर चालत होतं. कमावणारी ती एकटी, आणि ‘नको’ म्हणायची मुभा तेवढी तिलाच नाही!

म्हणून तुम्हाला आधी हेच विचारते : मुलगी घरी पैसे पाठवते का? त्यावर काही हप्ता, कुणाची फी चालू आहे का? मी नाटकातून मालिकांत आले, आता आईच्या भूमिका करते. मेकअप रूममध्ये मुली मोकळ्या होतात. सेटवर उघड उघड त्रास सहन करणाऱ्या एकीला मी म्हटलं, बोल की. ती म्हणाली, “काकू, भावाच्या घराचा हप्ता पाच तारखेला जातो. मी कुणाशी भांडू?” मालिकेतलं मानधन बहुतेकदा तीन महिन्यांनी हातात पडतं. ट्रॅक, म्हणजे तिच्या पात्राची गोष्ट, मध्येच गुंडाळला तर पुढचं काम कधी मिळेल, सांगता येत नाही. अशा मुलीला गप्प बसवायला धमकी लागतच नाही. तेव्हा घराचा भार तिच्यावर असेल तर तो आधी उतरवा, आणि उतरवलाय हे तिला स्पष्ट सांगा.

खाण्याबद्दल जपून बोला. ‘किती वाळलीस’ही नको आणि ‘टीव्हीवर बारीक दिसतेस, छान’ तर मुळीच नको. तिच्या चेहऱ्यावर बोलणारे तिथे पुष्कळ आहेत. पाळी नियमित येते का, चक्कर येते का, एवढं विचारा. पाळी चुकत असेल तर डॉक्टरांकडे न्याच. पाणी पिते का, हेही विचारा. केरळमध्ये चित्रपटसृष्टीतल्या बायकांची स्थिती तपासणाऱ्या हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये खुला झाला. सेटवर धड स्वच्छतागृह नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि त्यातून आजार होतात, हे त्यात नोंदलंय. नाटकाच्या दौऱ्यांवर आम्हीही तेच केलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बदललं काय? कायदा आला. २०१३ पासून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, आणि कंत्राटावरची, रोजावरची, एजंटमार्फत आलेली मुलगीही त्यात येते. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तशी नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचं नाव बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. ‘तक्रार केलीस तर काम जाईल’ असं तिला सांगणारे भेटतील, आणि ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. निर्णय तिचाच असू द्या.

पण मेसेज पुसू नको, एवढं आजच कळवा. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून तुम्हालाही पाठवू दे. तक्रार लेखी लागते, शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तिने लिहायचं ठरवलं, तर सुट्टी कधी ते विचारून तिच्याकडे जा आणि कागद पुरा होईपर्यंत शेजारी बसा.