ग्रामीण भागात बाल संरक्षण अधिकारी म्हणून काम करणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची जाहिरात निघालीये, फिरती सगळी खेड्यापाड्यात, तर नक्की काम काय असतं आणि बाईमाणसाने घ्यावं का. मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात हेच करते, पदाचं नाव संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य), म्हणजे बालगृहात नसलेली, घरी नाहीतर आजी-मामाकडे राहणारी मुलं माझ्याकडे.

आधी एक गैरसमज काढा. रेस्क्यू, धाड, पेपरात फोटो हे फार थोडं असतं. जास्त वेळ जातो गृहभेटी आणि अहवालात. सगळ्यात मोठा गठ्ठा बाल संगोपन योजनेच्या अर्जांचा, वडील वारलेत किंवा आई सोडून गेलीये अशा मुलांना महिना २२५० रुपये मिळतात, त्यासाठी घरी जाऊन बघायचं की मूल खरंच तिथे राहतं का, शाळेत जातं का, पैसे त्याच्यावर खर्च होतात का. ऐकायला बोअर वाटेल पण माझ्या मते याच कामाने जास्त मुलं वाचतात, कारण हे पैसे वेळेवर आले की बाई पोराला संस्थेत टाकायचा विचार सोडते. संस्था हा शेवटचा पर्याय असं २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे.

आणि हो, मूल उचलून न्यायचा निर्णय तुमचा नसतो, गावात मात्र सगळ्यांना तसंच वाटतं. निर्णय बाल कल्याण समितीचा, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. मूल २४ तासांच्या आत समितीपुढे न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून, सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत. कायदा पाठ व्हायला महिना पुरतो हो, अवघड गाव असतं.

शहरात १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कोणी फोन केला ते कळत नाही. खेड्यात ऐंशी घरं, सगळे एकमेकांचे भाऊबंद, आणि ज्या अंगणवाडी ताईने किंवा मैत्रिणीने कळवलं तिला उद्याही त्याच पाणवठ्यावर जायचंय. आपण संध्याकाळी गाडीत बसून निघून जातो. "कोणी सांगितलं ते सांगा, मग बोलू" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक घरात ऐकू येईल. म्हणून मी ज्या घराची तक्रार आहे त्या घरी थेट कधीच जात नाही.

बालविवाहाचं सांगते म्हणजे कळेल. सातवी-आठवीतल्या मुलीचं लग्न ठरलंय असा फोन आला की पहिली जागा शाळा. मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या जन्मतारखांची नोंद असलेलं, मागायचं, पण एकटीचं पान नाही, अख्ख्या वर्गाचं, गैरहजर मुलामुलींची यादी करतोय म्हणून. म्हणजे शिपायालाही अंदाज येत नाही. पानाचा फोटो, सही-शिक्का, आणि मग त्या वस्तीवरच्या तीन-चार घरांना भेटी, त्यात हे एक. तिथे बाप आधार कार्ड पुढे करतो, त्यावर मुलगी बरोब्बर अठराची झालेली असते. आधार हा वयाचा पुरावा धरत नाहीत, आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्म दाखला, तेही नसेल तर वैद्यकीय तपासणी, हा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे आणि तोंडपाठच ठेवा, कारण मांडवात वाद घालायची वेळ आली की मोबाईलला रेंज नसते. मुलीशी बोलायचं तर आई हलत नाही, चुलती दारात. मी वह्या बघायला मागते. दप्तर आतल्या खोलीत असतं, ती आणायला जाते आणि मी मागोमाग. तेवढ्या दोन मिनिटांत एकच विचारायचं, तुला शाळेत जायचंय का. पुढचं ती स्वतःच सांगते, नाहीतर रडते, दोन्हीतून कळतं.

कागदावर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात, आणि ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच. काही सरपंच खरंच चांगलं काम करतात, पण बऱ्याच गावांत पत्रिकेत प्रेषक म्हणून सरपंचांचंच नाव असतं, तिथे समितीची मीटिंग लावून काय होणार. अशा वेळी पोलीस आणि कोर्टाचा मनाई हुकूम हा मार्ग आहे.

लग्न थांबलं, आईबापाने बाल कल्याण समितीपुढे हमीपत्र लिहून दिलं, फाईल बंद, असं बहुतेकांना वाटतं. खरी गडबड नंतर होते. पंधरा दिवसांनी तेच लग्न मावशीच्या गावी, बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात, रात्रीतून उरकतात. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत तर टोळी निघायच्या आधी घाई असते, कारण कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते आणि मागे मुलीला सांभाळणारं कोणी नसतं. तिथे नुसता कायदा सांगून उपयोग नाही, मुलीची त्या हंगामापुरती राहायची सोय लागते, आजीकडे किंवा वसतिगृहात. माझा साधा उपाय म्हणजे वर्गशिक्षिकेला सांगून ठेवायचं की ही सलग तीन दिवस आली नाही तर मला मिस्ड कॉल. हमीपत्रापेक्षा तो मिस्ड कॉल जास्त कामाचा.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, केस वेगळ्याच. गावात पहिलं वाक्य "आपसात मिटवू". कलम १९ नुसार माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा, हे शिक्षकांना आणि डॉक्टरांना शांतपणे पण स्पष्ट सांगावं लागतं. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. पण साध्या कपड्यातल्या मॅडम पोलिसांच्या जीपमधून दारात उतरल्या तर गणवेश नसून काय फायदा? आम्ही बऱ्याचदा तालुक्याच्या दवाखान्याजवळ किंवा मुलीच्या मामाच्या घरी भेट ठेवतो. पेपरवाले नाव छापत नाहीत पण "अमुक वस्तीवरील नववीतील मुलगी" छापतात, त्या वस्तीवर नववीत एकच मुलगी असते! ओळख पटेल असं काहीही छापायला कायद्याने बंदी आहे, बातमी यायच्या आधीच वार्ताहराला फोन करायचा, नंतर नोटीस पाठवून उपयोग नाही. व्हॉट्सॲप ग्रुपचं तर विचारूच नका.

आता तुमचा घ्यावं का हा प्रश्न. पद कंत्राटी आहे, मानधन कधीकधी रखडतं, प्रवासभत्त्याची बिलं लटकतात, त्यामुळे घर पूर्ण याच पगारावर चालत असेल तर नीट विचार करा. टू-व्हीलर येत नसेल तर रुजू व्हायच्या आधी शिका, शेवटची एसटी साडेपाचला गेली की अडकता. बाई असण्याचा त्रास कमी, फायदा जास्त, पुरुष सहकाऱ्याला ओसरीवर बसवतात, मला चुलीपर्यंत जाऊ देतात. धमक्या येतात, त्या शक्यतो फोनवर, रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि वाद पेटलेल्या घरी एकटीने जाऊ नका, पोलीस ठाण्याला लेखी पत्र देऊन माणूस मागा, ते पत्र पुढे तुमच्याच कामी येतं. आणि इंटरव्ह्यूला जाल तेव्हा कक्षाला गाडी आहे का आणि समुपदेशकाचं पद भरलेलं आहे का एवढं विचारा, ते रिकामं असेल तर समुपदेशनही तुम्हालाच करावं लागेल.