चॉकलेट-कॅरमेल टॉफीत नेमकं काय असतं? मधुमेही वडिलांच्या खिशात ती ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, मधुमेहाचं औषध चालू आहे, आणि शुगर अचानक उतरली तर हाताशी असावीत म्हणून ते खिशात चार-पाच चॉकलेट-कॅरमेल टॉफ्या ठेवतात. एका टॉफीत काय आणि किती असतं, हा तुमचा प्रश्न. मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक मधुमेहाचेच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडे. बाहेर कॅरमेल, आत चॉकलेट आणि दोन्ही टोकांना पिळलेला कागद, अशी जी टॉफी आपल्याकडे मिळते ती साधारण पाच ग्रॅमची असते. कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण १०० ग्रॅमला ४२० ते ४५० कॅलरी, पाऊणशे ग्रॅम कर्बोदकं, दहा ते पंधरा ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि दोन-तीन ग्रॅम प्रथिनं असा हिशेब बसतो. म्हणजे एका टॉफीमागे वीस-बावीस कॅलरी आणि पावणेचार ग्रॅम कर्बोदकं. प्रथिनं नावालाच. ‘दूध असतं हो त्यात’ असं म्हणून नातवंडांना टॉफी देणारे आजी-आजोबा मला नेहमी भेटतात. त्यांच्यासाठी एवढंच, की एका टॉफीतलं कॅल्शियम सहा-सात मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि २०० मिली दुधात ते सव्वादोनशेच्या पुढे असतं.

सुट्ट्या टॉफीच्या कागदावर ही माहिती मावत नाही, त्यामुळे दुकानातल्या बरणीवर किंवा मोठ्या पाकिटावर बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. बहुतेक वेळा पहिली साखर, मग लिक्विड ग्लुकोज, मग वनस्पती तेल किंवा चरबी, त्यानंतर दुधाची पावडर, आणि कोको बिचारा त्याच्याही मागे. हे तेल बहुधा पामचं. पाम तेलात निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड, म्हणजे हृदयासाठी कमी खावी अशी) असते, पामच्या गरापासून काढलेल्या तेलात तर ८० टक्क्यांच्या वर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मधुमेह असलेल्याने ‘साखर’ ही ओळ वाचून थांबू नये, ‘एकूण कर्बोदकं’ ही ओळ वाचावी. कारण आहे ते लिक्विड ग्लुकोज. आपल्याकडे ते मक्याच्या स्टार्चपासून करतात, आणि साखरेचे खडे जमू नयेत, कॅरमेल मऊ राहावं म्हणून घालतात. त्यात ग्लुकोजच्या लांब साखळ्याही असतात. त्या लेबलवर साखरेत मोजल्या जात नाहीत, पण पोटात गेल्या की त्यांचं ग्लुकोजच होतं. म्हणून लेबलवर १०० ग्रॅमला साखर ५५ आणि कर्बोदकं ७५ असं दिसलं, तरी रक्तातल्या शुगरसाठी हिशेब ७५ चाच धरायचा.

माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर यायचे. चहातली साखर सोडलेली, गोड पदार्थांना हात नाही, रोज सकाळी चालणं, तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) हटायला तयार नाही. एकदा काकूंनी पिशवीतून टॉफीचे कागद आणले. आठवडाभर धुवायच्या पँटच्या खिशांतून काढून साठवले होते. वाण्याने सुट्ट्या पैशांऐवजी दिलेल्या, कुणी वाढदिवसाच्या म्हणून दिलेल्या, ‘लो झाली तर’ म्हणून मुद्दाम घेतलेल्या. आम्ही तिथेच मोजले, ५६ कागद. म्हणजे दिवसाला आठ. काका म्हणाले, ‘अहो, एवढीशी तर असते.’ त्यांच्या खिशात तेव्हाही दहा होत्या. मी त्या सोलून माझ्या वजनकाट्यावर ठेवल्या, ४८ ग्रॅम भरल्या. रोजच्या आठ म्हणजे ३८-३९ ग्रॅम, जवळजवळ पावणेदोनशे कॅलरी, साधारण दोन पोळ्यांएवढ्या. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या असत्या तर त्यांनी स्वतःहून मला सांगितलं असतं. टॉफी त्यांच्या मोजदादीत कधी आलीच नव्हती. त्या दिवशी ते बराच वेळ काट्याकडे बघत बसले होते. मला आजही तो चेहरा आठवतो, आणि त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. कुणी कधी सांगितलंच नव्हतं त्यांना.

दातांचंही जाता जाता सांगते. तासातासाला एक टॉफी चघळणं हे आठ टॉफ्या एकदम खाण्यापेक्षा दातांना जास्त वाईट. प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि ते ओसरायला अर्धा तास तरी जातो.

आता खिशातल्या टॉफीबद्दल. शुगर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले, तर लगेच १५ ग्रॅम जलद कर्बोदकं लागतात. टॉफीच्या हिशेबाने चार झाल्या. थरथरत्या हातांनी चार कागद सोलायचे, चिकट कॅरमेल चावायचं, आणि वर त्यातल्या चरबीमुळे पोट सावकाश रिकामं होणार. जिथे मिनिटं मोजायची तिथे ही वस्तू चुकीची आहे. माणूस गुंगीत असेल तर घशात अडकायची भीती वेगळीच.

त्याऐवजी खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज पावडरची पुडी ठेवायला सांगा. पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. शुगर वर आली आणि जेवायला वेळ असेल तर अर्धी पोळी किंवा कपभर दूध. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

साखर-पाणी चालेल का, असं तुम्ही विचाराल. एरवी चालतं, तीन चमचे साखर. पण वडिलांच्या औषधाच्या पाकिटावर वोग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का ते आजच बघा. आपल्याकडे वोग्लिबोज बऱ्याचदा इतर औषधांबरोबर एकाच गोळीत असतं. ही औषधं आतड्यात साखर फुटू देत नाहीत, त्यामुळे अशा वेळी साखर किंवा टॉफी लवकर लागू पडत नाही. तिथे ग्लुकोजच हवं.

‘शुगर फ्री’ टॉफीही या कामाची नाही. त्यात बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, तो शुगर पटकन वर आणत नाही आणि जास्त खाल्ला तर पोट बिघडतं.

कधीतरी जेवण झाल्यावर एखादी टॉफी खावीशी वाटली तर खाऊ द्या, फक्त ती दिवसाच्या हिशेबात धरा. आणि वडिलांची शुगर महिन्यातून दोन-तीनदा उतरत असेल, तर कुठल्या दिवशी, किती वाजता आणि किती होती हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. औषधाचं प्रमाण किंवा वेळ बदलायची गरज असू शकते.